मधली पिन नसलेला कॅमेरा आणि १५ हजारांचा फ्लॅश

कराडजवळच्या एका गावात राहणारा माझा पुतण्या लग्नाच्या ऑर्डरी घेऊ लागला तेव्हा त्याच्याकडे कॅनन २००डी मार्क २ हा कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ची लेन्स आणि ५० मि.मी. एफ १.८ ही लेन्स एवढेच स्वतःचे सामान होते. फ्लॅश उसना होता. तो कॅननचाच, जुना पण दणकट स्पीडलाइट होता, आणि तुळशीची लग्ने लागली की तो मालकाला स्वतःच्या कामासाठी लागणार हे उघड होते. झालेही तसेच. पहिल्या मोठ्या ऑर्डरीला १६ दिवस उरले असताना फ्लॅश परत द्यावा लागला, आणि नवा घेण्यासाठी पुतण्याजवळ, सेल आणि चार्जर धरून, १५ हजार रुपये होते.

ही त्या खरेदीची हकीकत आहे. मी बरीच वर्षे फोटो स्टुडिओ चालवला असल्यामुळे पहिला सल्ला माझाच होता, आणि तो चुकला. "टीटीएलच्या नादी लागू नकोस, साधा मॅन्युअल फ्लॅश घे, उरलेल्या पैशांत चांगले सेल घे," असे मी त्याला फोनवर सांगितले. रिळाच्या काळात आम्ही अंतर मोजून आणि एफ नंबर (लेन्सचे तोंड किती उघडे आहे तो आकडा) लावूनच फ्लॅश मारत होतो, त्यामुळे या सल्ल्यात काही वावगे आहे असे मला वाटले नाही. टीटीएलमध्ये कॅमेरा आधी एक बारीक झोत टाकून, लेन्समधून परत आलेला उजेड मोजून, फ्लॅशने किती उजेड द्यायचा ते स्वतः ठरवतो. मॅन्युअलमध्ये ते माणसाने ठरवायचे असते. शिकणाऱ्याने मॅन्युअलपासून सुरुवात करावी हे माझे मत आजही तसेच आहे. फक्त त्याच्या हातातला कॅमेरा कोणता, हे मी विचारले नव्हते.

त्याने तालुक्याच्या गावातल्या एका दुकानातून मॅन्युअल फ्लॅश आणला. दुकानात टेस्टचे बटण दाबून दाखवले, लख्ख उजेड पडला. घरी येऊन कॅमेऱ्यावर चढवला तेव्हा मात्र तो पेटेना. शटर पडे, फोटो निघे आणि फ्लॅश मख्ख. सेल बदलून पाहिले, फ्लॅशचा पाय पुसून पाहिला, चक्री घट्ट केली. दुकानदाराला फोन केला तर त्याने, "फ्लॅश चालू आहे, तुमच्या कॅमेऱ्यातच फॉल्ट असेल," असे सांगून विषय संपवला. दुसऱ्या दिवशी पुतण्या दोन्ही वस्तू घेऊन माझ्याकडे आला. माझ्या जुन्या कॅनन ६०डी कॅमेऱ्यावर तोच फ्लॅश पहिल्या दाबाला पेटला, तेव्हा मला आधी दुकानदाराचेच म्हणणे खरे वाटले.

मग भिंग हातात घेऊन दोन्ही कॅमेऱ्यांचे हॉट शू (फ्लॅश बसवायची वरची खाच) शेजारी शेजारी ठेवून पाहिले. ६०डीच्या शूमध्ये मधोमध एक मोठा गोल संपर्कबिंदू आणि त्याच्याजवळ चार बारीक ठिपके होते. २००डी मार्क २मध्ये बारीक ठिपके होते, मधला मोठा गोल नव्हता. तिथे नुसते काळे प्लॅस्टिक होते. तो निखळून पडलेला नव्हता, मुळात बसवलेलाच नव्हता.

"काका, म्हणजे कॅमेरा फॉल्टी आहे का?"

"फॉल्टी नाही रे. बनवलाच असा आहे."

हा मधला गोल, म्हणजेच मधली पिन, ही फ्लॅशच्या धंद्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्या कंपन्यांना समान असलेली तार. शटर पूर्ण उघडले की कॅमेरा त्या बिंदूचा आणि शूच्या धातूच्या कडेचा संपर्क जोडतो आणि फ्लॅश पेटतो. त्याला ना टीटीएल लागते, ना कंपनीची भाषा. म्हणूनच कोणत्याही कंपनीचा एका पिनेचा फ्लॅश दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर चालत आला. सोनी आणि मिनोल्टाचे वेगळ्या घडणीचे जुने शू तेवढे याला अपवाद होते. बाकीचे चार ठिपके कॅननच्या स्वतःच्या भाषेतले असतात, आणि ती भाषा जाणणारा फ्लॅशच त्यांच्यामार्फत बोलू शकतो. २०१८-१९च्या सुमारास कॅननने आपल्या सर्वांत स्वस्त डीएसएलआर कॅमेऱ्यांतून हा मधला बिंदू काढून टाकला. आपल्याकडे ३०००डी आणि २००डी मार्क २ या नावांनी विकले गेलेले कॅमेरे त्यांतले आहेत, आणि १५००डी हाती असेल तरी शू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मॅन्युअल फ्लॅश घेऊ नये. माझी त्यावर नाराजी आहे ती एवढ्यासाठीच की ज्याच्या खिशात पैसे कमी तोच हे कॅमेरे घेतो, स्वस्त मॅन्युअल फ्लॅशची गरजही त्यालाच असते, आणि नेमकी त्याचीच वाट बंद होते.

त्या दिवशी एक पळवाट सापडली होती. या मॅन्युअल फ्लॅशमध्ये स्लेव्हची सोय होती, म्हणजे समोर दुसरा फ्लॅश पेटला की तो उजेड पाहून हाही पेटे. २००डीचा अंगचा छोटा फ्लॅश उघडून, मोठा फ्लॅश टेबलावर वेगळा ठेवून, टीटीएलचा आधीचा झोत दुर्लक्षित करणारा दुसरा स्लेव्ह मोड लावल्यावर फोटो छान आला. पण लग्नात हे चालत नाही. व्हरांड्यातून कोणाचा पाहुणा फ्लॅश मारतो, समोरच्या बाजूचा दुसरा फोटोग्राफर मारतो, आणि आपला फ्लॅश इमानेइतबारे त्या सगळ्यांसाठी पेटत राहतो. आपल्या शटरच्या वेळी तो रिकामा असतो. शिवाय कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश आणि उघडलेला अंगचा फ्लॅश या दोन गोष्टी एका वेळी होऊच शकत नाहीत.

दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत. १५ हजारांतले सुमारे साडेपाच हजार असे अडकले. मी माझ्या चुकीची भरपाई म्हणून तेवढी रक्कम त्याला दिली आणि हिशेब पुन्हा १५ हजारांवर आणला. यात मोठेपणा नाही, सल्ला माझा होता.

या वेळी खरेदीआधी गरज मोजायची असे ठरवले. फ्लॅशची ताकद गाइड नंबरने सांगतात. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १००ला, मीटरमधले अंतर आणि एफ नंबर यांचा गुणाकार म्हणजे गाइड नंबर. ६०चा फ्लॅश एफ ८ला साडेसात मीटरपर्यंत पुरतो, असा त्याचा अर्थ. कॅननच्या मॉडेलच्या नावातच हा आकडा दडलेला असतो: ६००ईएक्सचा ६०, ४३०ईएक्सचा ४३. मात्र कॅनन हा आकडा फ्लॅशचे डोके पूर्ण झूम करून सांगते, ६००ईएक्स २-आरटीला २०० मि.मी.वर आणि ४३०ईएक्स ३-आरटीला १०५ मि.मी.वर. निकॉन तोच आकडा ३५ मि.मी.वर सांगते, त्यामुळे तिचा एसबी-७०० कागदावर २८चा दिसतो. बाहेरच्या कंपन्यांतही गोडॉक्सचा टीटी६०० हा २०० मि.मी.वर ६०चा आहे, तर योंगनुओचा वायएन५६० हा १०५ मि.मी.वर ५८चा. म्हणजे ५८ आणि ६० यांत दोनाचा फरक आहे असे समजणे जितके चूक, तितकेच २८चा फ्लॅश ६०च्या निम्माही नाही असे समजणे चूक. झोत अरुंद केला की आकडा फुगतो, एवढीच त्यातली गोम आहे.

आमच्या भागातल्या मंगल कार्यालयांचे छत साधारण १४ फुटांवर असते. फ्लॅश पाच फुटांवर धरला, वर छताकडे वळवला, तर उजेड नऊ फूट वर जाऊन पुन्हा तितकाच तिरका खाली येतो, म्हणजे एकूण सहा मीटरच्या आसपास प्रवास होतो. छताचा पांढरा रंग दोन स्टॉप उजेड, म्हणजे तीन चतुर्थांश, सहज खातो, त्यामुळे गाइड नंबरची गरज दुप्पट धरावी लागते. १८-५५ची लेन्स लांब टोकाला एफ ५.६च्या पुढे उघडत नाही. सहा गुणिले ५.६ गुणिले दोन, म्हणजे ६७; आयएसओ १००ला हे कॅमेऱ्यावर बसणाऱ्या कोणत्याच फ्लॅशच्या आवाक्यातले नाही. आयएसओ ८०० केला की गाइड नंबर २.८ पटींनी वाढतो आणि गरज २४वर येते. ६०च्या वर्गातला फ्लॅश बाउन्सच्या (छतावरून परतवलेल्या) रुंद झोतात यापेक्षा बराच अधिक देतो, म्हणून तो साधारण निम्म्या ताकदीवर काम भागवील आणि चटकन पुन्हा भरेल, असा अंदाज निघाला.

चटकन भरणे का महत्त्वाचे, ते लग्न पाहिलेल्याला सांगायला नको. शेवटची मंगलाष्टका संपते, "शुभमंगल सावधान" होते, अंतरपाट खाली येतो, अक्षतांचा वर्षाव होतो आणि वधूवर एकमेकांना माळा घालतात; वाजंत्री सुरू झाल्यापासून पहिली माळ पडेपर्यंतच्या पाचसहा सेकंदांत पाच फोटो हवे असतात आणि त्यांतला एकही पुन्हा घेता येत नाही. पूर्ण ताकदीवर पाच सेकंद घेणारा फ्लॅश त्या वेळात दोनदाच पेटतो. छताकडून आलेल्या उजेडाचा आणखी एक फायदा इथे दिसतो. फ्लॅश सरळ मारला तर लेन्सजवळून उडणारे तांदूळ जवळ असल्यामुळे नवरीपेक्षा कितीतरी पट उजळतात आणि फोटोभर पांढरे डाग पडतात. वरून आलेला उजेड सगळ्यांवर सारखा पडतो आणि अक्षता अक्षतांसारख्या दिसतात.

एवढे कळल्यावर पर्याय झपाट्याने गळाले. ६००ईएक्स २-आरटी हा दुकानदारांच्या भावाने आमच्या रकमेच्या दुपटीच्या पुढे होता, ४३०ईएक्स ३-आरटीही हाताबाहेर होता. रकमेच्या जवळपास बसणारा कॅननचा ईएल-१०० गाइड नंबर २६चा आहे आणि त्यात दोनच पेन्सिल सेल बसतात. घरातल्या वाढदिवसाला तो उत्तम, पण आमच्या छताला तो दर फोटोला पूर्ण ताकद लावून दमला असता. ईएल-५ तर या कॅमेऱ्यावर चालतच नाही. तो कॅननच्या २०२१च्या आर३ या कॅमेऱ्यापासून आलेल्या नव्या मल्टी-फंक्शन शूसाठीच आहे. नावाजलेल्या कंपनीचा फ्लॅश घेतला की जुळण्याची चिंता मिटते, हे आपण धरून चालतो. तेही पारखूनच घ्यावे लागते.

राहिला तो बाहेरच्या कंपन्यांचा, कॅननची भाषा बोलणारा टीटीएल फ्लॅश. या कंपन्या बहुतेक चीनमधल्या शेनझेनच्या, गोडॉक्स तर तिथे १९९३पासून आहे. त्यांना कॅनन आपली भाषा शिकवत नाही; कॅमेरा आणि फ्लॅश यांच्यातले संकेत तपासून त्या ती स्वतः उलगडतात. फ्लॅश स्वस्त असण्याचे एक कारण अर्थातच हे आहे आणि धोकाही इथेच आहे, कारण नवा कॅमेरा आला की संकेतांत बारीक फरक पडतो आणि जुना फ्लॅश अडखळतो. म्हणूनच अशा फ्लॅशला यूएसबीचे तोंड आहे का आणि कंपनी नवे फर्मवेअर (फ्लॅशच्या आतले सॉफ्टवेअर) काढत राहते का, हे मी गाइड नंबरच्या बरोबरीने पाहतो. लिथियम बॅटरीचा फ्लॅश दीड सेकंदात पूर्ण भरतो आणि मला तो आवडतो, पण त्याची किंमत १५ हजारांच्या वर जात होती. शिवाय ती बॅटरी गावात मिळत नाही, पेन्सिल सेल मात्र किराणा दुकानातही मिळतात. एका गरीब पोराच्या पहिल्या हंगामासाठी मला हा मुद्दा दीड सेकंदापेक्षा मोठा वाटला.

खरेदीला आम्ही कोल्हापूरला गेलो, कॅमेरा, दोन्ही लेन्स आणि आदल्या रात्री चार्ज केलेले चार निकेल मेटल हायड्राइड सेल घेऊन. हे सेल १.२ व्होल्टचे असले तरी एकदम जास्त करंट देऊ शकतात, म्हणून साध्या अल्कलाइन सेलपेक्षा फ्लॅश लवकर भरतात. कंपन्या भरण्याचा वेळ सांगतात तो कोणत्या सेलवर, ते वाचल्याशिवाय दोन फ्लॅशची तुलना करू नये. फ्लॅशच्या कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण एका नगावरून कंपनीची परीक्षा होत नाही.

पहिलाच नग अडखळला. दहा वेळा शटर दाबले की दोनदा फ्लॅश कोरा जाई. दुकानातल्या मुलाने तक्रार न करता लॅपटॉप काढला, वायर जोडली आणि नवे फर्मवेअर चढवले; त्यानंतर ४० फोटोंत एकही कोरा गेला नाही. मग मी पुतण्याला पांढरा टॉवेल खांद्यावर घेऊन भिंतीजवळ उभे केले. टीटीएलची खोड अशी की पांढरे दिसले की त्याला उजेड जास्त झाला असे वाटते आणि ते हात आखडते. फोटो अंधारा आला, फ्लॅशची भरपाई एका स्टॉपने, म्हणजे उजेड दुप्पट करून, वाढवली, मग चेहरा बरोबर आला. काळ्या जाकिटावर याच्या उलट झाले. हा दोष कॅननच्या फ्लॅशमध्येही तसाच असतो. फेटे आणि पांढरे शर्ट यांनी भरलेल्या आपल्या लग्नांत तो रोज भेटतो. शेवटी डोक्याचा सांधा हलवून पाहिला, पाय धातूचा आहे हे पाहिले, निम्म्या ताकदीवर २० झोत सलग मारून पाहिले. फ्लॅश, आठ सेल आणि चार्जर मिळून १३ हजारांच्या आत बसले.

हायस्पीड सिंकची सोय त्यात आहे, आणि पुतण्याला तीच सगळ्यात जास्त हवी होती. २००डी मार्क २ हा १/२०० सेकंदापर्यंतच फ्लॅशशी जुळतो; त्यापुढे शटरची फट सरकत जाते आणि फ्लॅशला एका झोताऐवजी बारीक झोतांची माळ सोडावी लागते, ज्यात ताकद फार वाया जाते. दुपारच्या उन्हात अंगणात हळद असते, तेव्हा एफ २.८ ठेवायचे तर आयएसओ १००लाही शटर १/३२०० लागते. तिथे फ्लॅश अक्षरशः खोकतो. मी त्याला एफ ११ आणि १/२०० लावून दोन मीटरवरून सरळ झोत मारायला शिकवले. गरज फक्त २२ गाइड नंबरची. मागची गर्दी धूसर होत नाही, हे खरे. पण हळदीच्या फोटोत मागे हसणारी आत्याही दिसायला हरकत नाही, असे माझे मत आहे.

हंगामात नऊ ऑर्डरी झाल्या. मंगल कार्यालयांतले काम अंदाजाप्रमाणे झाले आणि अंतरपाटाच्या वेळी फ्लॅशने एकदाही दगा दिला नाही. अडचण आली ती मे महिन्यात, पत्र्याच्या मांडवात. वर लाल-पिवळे कापड लावलेले, त्यावर उजेड टाकला की नवरदेव केशरी होई, म्हणून पुतण्याने डोके सरळ करून पूर्ण ताकदीवर झोत मारायला सुरुवात केली, आणि तासाभरात पडद्यावर तापमानाची खूण येऊन फ्लॅश थांबला. ही सोय कॅननच्या मोठ्या फ्लॅशमध्येही असते, नळी आणि कंडेन्सर वाचवण्यासाठी ती हवीच. पण उसन्या फ्लॅशवर अशाच मांडवात त्याला ती खूण कधी दिसली नव्हती, हे त्याने स्वतःहून सांगितले आणि मी ते नोंदवून ठेवले. नंतर त्याने आयएसओ १६००पर्यंत चढवून ताकद एक चतुर्थांशावर आणली. त्या कॅमेऱ्याच्या १६००च्या दाणेदारपणाविषयी अल्बम पाहणाऱ्या एकानेही तक्रार केली नाही.

एक प्रश्न मी अजून त्याच्यासमोर ठेवलेला नाही. पुढे तो कॅननचा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घेईल, त्यावर नवा शू असेल, आणि हा फ्लॅश तिथे किती नीट वागेल हे त्या वेळच्या फर्मवेअरवर ठरेल. ब्रँडचा फ्लॅश असता तर ही काळजी कमी असती आणि विकतानाही बरे पैसे आले असते. पण त्या नोव्हेंबरमध्ये तो पर्याय १५ हजारांत नव्हताच.

अडकलेला मॅन्युअल फ्लॅशही वाया गेला नाही. तो याच कंपनीचा निघाल्यामुळे दोघांची रेडिओची भाषा एक आहे. कॅमेऱ्यावरचा टीटीएल फ्लॅश त्याला रेडिओने पेटवतो. त्या जोडणीत मधल्या पिनेचे कामच पडत नाही आणि पाहुण्यांच्या फ्लॅशचाही त्रास होत नाही. आता रिसेप्शनला तो स्टेजच्या मागच्या कोपऱ्यात, फुलांच्या कमानीआड, स्टँडवर १/१६ ताकदीवर उभा असतो आणि नवरीच्या केसांच्या कडेला उजेडाची एक बारीक रेघ देतो.